इंद्रायणीचं डोहाळजेवण

मी माळकरी माणूस. चातुर्मासात आमच्या घरात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही. अशा माणसाला मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी करायची अक्कल या पंचक्रोशीत एकट्या सोनबा भोयालाच सुचू शकते.

तळवड्याच्या बाजूनं होडीत बसून इंद्रायणी ओलांडली की पलीकडच्या काठाला आमची भोईवाडी. एक मारुती, एक शाळा, आणि शाळेत मी एकटा मास्तर. सोसायटी काढायची तर लिहितावाचता येणारा सेक्रेटरी हवा, असा सरकारचा नियम. वाडीत लिहिणारा मीच. सभेत सोनबा चेअरमन झाला आणि म्हणाला, "सेक्रेटरी मास्तर. हात वर करा." सगळ्यांनी केले. माझा हात सोनबानं धरून वर केला.

आता हे सगळं कशासाठी, तर डोहासाठी. वाडीच्या अगदी खाली नदीला मोठा डोह आहे. त्याच्या काठाला साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले दगड आहेत, म्हणून आसरांचा डोह. सोनबाच्या आज्यानं त्यात जाळं टाकलं, बापानं टाकलं, आणि सोनबानं मात्र मालोजीरावाच्या टोपल्या वाहिल्या. कारण सरकार दरसाल डोहाचा लिलाव करी आणि पुण्याचा हा मालोजीराव ठेकेदार तो घेई. त्याची जाळी इतक्या बारीक विणीची, की त्यातून पाणीसुद्धा विचार करून बाहेर पडायचं. पुढं पुढं त्याला जाळ्याचाही कंटाळा आला. पिंप्रीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती, दगडाच्या खाणी फुटत होत्या, आणि खाणीतला सुरुंग त्याच्या माणसांना आयता मिळायचा. डोहात सुरुंग टाकला की मोठ्या मरळीपासून बोटभर पिल्लापर्यंत सगळं पोट वर करून तरंगायचं. विकण्यासारखं तेवढं ते उचलायचे, उरलेलं कावळ्यांना. चार-दोन वर्षांत डोह असा झाला, की त्यात गळ टाकून बसलेला माणूस ध्यानस्थ वाटायचा.

अशात मत्स्यखात्याचे उद्धवराव साहेब वाडीवर आले. बारीक अंगाचा, चष्म्याचा माणूस, पण बोलण्यात आढेवेढे नाहीत. मारुतीच्या पारावर बसून ते म्हणाले, "आषाढात मासा अंडी घालायला काठाच्या उथळ पाण्यात येतो. तेव्हा त्याला धरलं तर पुढं काय धरणार? आषाढापासून नारळी पौर्णिमेपर्यंत डोहात जाळं पडता कामा नये. एवढं पाळलंत तर पाच वर्षं डोह तुमच्या सोसायटीचा, लिलाव नाही. मी मधेच कधीही येईन. एक जरी जाळं ओलं सापडलं, तर डोह पुन्हा मालोजीरावाकडं जाईल."

सोनबाच्या डोळ्यांना पाणी आलं. वाडीतल्या एकूणएक पुरुषानं हात वर केला, काहींनी दोन्ही केले. मला तेव्हाच शंका आली होती. माणूस दोन्ही हात वर करून जो नियम मान्य करतो, तो त्याला शेजाऱ्यासाठी हवा असतो.

आषाढ लागला आणि पहिली अडचण निघाली. आमच्याकडे आषाढात जाळंच काय, चुलीतलं लाकूडसुद्धा ओलं असतं. साहेब आले तर पावसानं भिजलेलं कुठलं आणि नदीत भिजलेलं कुठलं, हे सांगणार कोण? सोनबानं दोन दिवस विचार केला आणि सगळी जाळी शाळेत आणून टाकली. शाळेचे पत्रे नवे होते. वाडीत न गळणारी तेवढीच एक जागा. आढ्याला जाळी टांगली गेली आणि त्यांच्याखाली बसून पोरं पाढे म्हणायला लागली. माझी काय अवस्था झाली असेल ती माळकऱ्यानंच समजून घ्यावी. मी नाकाला उपरणं लावून बाराखडी शिकवत होतो.

माझी बायको सावित्रीबाई रत्नागिरीकडची, समुद्राच्या काठावर वाढलेली. माहेरी तिच्या ताटात रोज मासळी. लग्नात तिनं माझ्या गळ्यातली माळ पाहिली आणि त्या दिवसापासून मासे सोडले. त्यावर ती एका शब्दानं कधी बोलली नाही. पण जाळी शाळेत आल्यापासून ती रोज दुपारी शाळा झाडायला यायला लागली. आधी कधी येत नसे. झाडून झालं तरी जाळ्यांखाली जरा वेळ उभी राहायची. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दुसरी अडचण बिरूची. बिरू म्हणजे वाडीतला सगळ्यात तरबेज जाळेकरी आणि सगळ्यात मोठा लबाड. तो एका सकाळी आला. "मास्तर, जाळं फाटलंय. शिवायला न्यायाचं हाय."

"घेऊन जा. संध्याकाळी परत आण."

संध्याकाळी त्यानं जाळं आणलं. ते पाणी गाळत होतं.

"हे ओलं कसं रे?"

"पाऊस लागला की, मास्तर."

बाहेर खरोखरच पाऊस पडत होता. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांची जाळी फाटली. आठवडाभरात वाडीतलं एकही जाळं धड राहिलं नाही. कुणाकडे पाहुणा आला होता, कुणाच्या पोराला ताप होता आणि वैद्यानं म्हणे माशाचं कढण सांगितलं होतं. आसरांचं भय कुणालाच नव्हतं. नारळ ठेवला की आसरा समजून घेतात, असा पुरुषांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

सोनबा बिचारा तळमळायचा. संध्याकाळी चुली पेटल्या की तो घरोघर वास घेत फिरायचा. पण भोयाच्या घरी जेवणवेळेला आलेल्या माणसाला ताट वाढल्याशिवाय सोडत नाहीत, आणि चेअरमनला तर नाहीच नाही. बिरूकडे तो तावातावानं शिरला आणि तासाभरानं मिशा पुसत बाहेर आला.

मी विचारलं, "काय सापडलं?"

"वाम व्हती," तो खाली मान घालून म्हणाला. "पुरावा पुरा संपवलाय."

आणि मग व्हायचं तेच झालं. साहेब एका दुपारी न कळवता आले. न कळवता म्हणजे त्यांच्या हिशेबानं. नदी ओलांडायला होडी एकच आणि ती चालवणारा सोनबा. साहेब तळवड्याच्या काठाला दिसले, आणि त्यांना आणताना सोनबानं होडी अशी काही वल्हवली की ती डोहाच्या वर गोल गोल फिरत राहिली. "पान्याला लई वढ हाय, सायेब," तो म्हणत राहिला. तेवढ्यात इकडे बिरू आणि मंडळींनी नदीतली जाळी काढून शाळेत टांगली. साहेब शाळेत आले तेव्हा पोरांच्या पाट्यांवर टपटप पाणी पडत होतं. साहेबांनी वर पाहिलं आणि एक थेंब बरोबर त्यांच्या चष्म्यावर पडला.

"शाळा गळते का, मास्तर?"

मला खोटं बोलता येईना आणि खरं सांगवेना. सोनबा म्हणाला, "व्हय सायेब, लई गळती."

साहेबांनी कोऱ्या पत्र्यांकडे पाहिलं. चष्मा काढून धोतरानं पुसला आणि शांतपणे म्हणाले, "आत्ता माझ्या डोळ्यांवर चष्मा नाही, त्यामुळं मी काही पाहिलेलं नाही. पुढच्या वेळी चष्मा लावून येईन. मालोजीरावाचा अर्ज माझ्या टेबलावर पडलेलाच आहे." एवढं बोलून ते परत होडीत बसले. जाताना होडी सरळ गेली.

सोनबा शाळेच्या पायरीवर बसला आणि कपाळ धरून रडला. त्याला रडताना पाहून मला इतका संताप आला, की मी उठून बिरूला चार शब्द सुनावले. बिरू म्हणाला, "मी एकलाच हाय व्हय?" तेही खरंच होतं.

त्या संध्याकाळी सोनबाची बायको कुशाबाई आमच्या ओट्यावर आली. तिच्याबरोबर सगुणाबाई होती. सगुणाबाई म्हणजे वाडीची सुईण. वाडीतला सोनबापासून बिरूपर्यंत प्रत्येक जण तिच्याच हातावर जन्मलेला, त्यामुळं ती कुणालाच फारशी किंमत देत नसे.

कुशाबाईनं विचारलं, "मास्तर, तुमच्या सोसायटीत बाया हायेत का?"

"नाहीत. सभासद सगळे पुरुष."

"मंजी तुमचा नियम आमाला लागू न्हाई."

"तसं पाहिलं तर नाही."

"ब्येस," सगुणाबाई म्हणाली. "मंग आमी आमचं करतो. मास्तरणीला शुक्कारी नदीवर धाडा."

शुक्रवारी शाळेच्या डोहाकडच्या खिडकीतून मी सगळं पाहिलं आणि ऐकलं. वाडीतल्या सगळ्या बाया डोहाच्या काठाला जमल्या होत्या. हिरवा खण, हिरव्या बांगड्या, नारळ, तांदूळ, करंज्या, सगळा सरंजाम. नदी गढूळ लाल पाण्यानं दोन्ही काठ भरून चालली होती. सगुणाबाई गुडघाभर पाण्यात उतरली, तळवा पाण्यावर आडवा ठेवला आणि सुईण पोट चाचपते तशी जरा वेळ थांबली.

"सातवा लागलाय," ती म्हणाली. "लेक म्हायेरी आली बाळंतपनाला. भरा वटी."

आता इथं मला एक सांगितलं पाहिजे. आम्हाला मूल नाही. वाडीत कुणाचं डोहाळजेवण असलं, की सावित्रीबाईला तोंडावर कुणी काही म्हणत नसे, पण ती आपण होऊनच घरी थांबायची आणि डोकं दुखतंय म्हणायची. मला त्याचा फार राग यायचा, आणि तो कुणावर काढायचा ते कळायचं नाही. त्या शुक्रवारीही ती सगळ्यांच्या मागं, बाभळीपाशी उभी होती. सगुणाबाईनं पाण्यातूनच हाक मारली, "पयली वटी मास्तरणीची."

कुणीतरी बाई काहीतरी पुटपुटली. सगुणाबाई वळून म्हणाली, "साऱ्या वाडीच्या पोरांची नाकं कोन पुसतंय? तू? मंग गप ऱ्हा."

सावित्रीबाई पुढं आली. तिनं खण, नारळ आणि तांदूळ पाण्यात सोडले आणि वाकून हळदकुंकू वाहिलं. मग बायांनी डोहाळ्याची गाणी म्हटली, करंज्या खाल्ल्या, आणि घरी आल्या.

पुरुष पारावर बसून हसत होते. बिरू तर पोट धरून हसत होता. दुसऱ्या सकाळी तो जाळं न्यायला शाळेत आला, तर दारात सगुणाबाई बसलेली.

"कुटं चाललास?"

"नदीवर."

"जा की. मी कोन अडवनार? फकस्त एक ध्यानात ठेव. गरवार बाईला जो तरास देतो, त्याच्या घरी मी बाळंतपनाला जात न्हाई. माझ्या सासूनं घालून दिल्याली रीत हाय."

बिरूचं हसू मावळलं. त्याची बायको यशोदाबाई दिवसांत होती, आणि सगुणाबाईशिवाय दुसरी सुईण गाठायची तर चाकण. आषाढात चाकणपर्यंतच्या चिखलातून बैलगाडीसुद्धा रडत जाते. बिरू जाळ्याकडे पाहत राहिला आणि मग घरी गेला. त्याच्यामागून आलेल्या दोघांनी दारातूनच पाठ फिरवली. वाडीत कुणाच्या ना कुणाच्या घरी लेक, सून, भावजय दिवसांत होतीच. नसली तरी पुढं होणारच होती.

तेव्हापासून वाडीचा नूर बदलला. नदीवर कुणी मोठ्यानं बोललं तरी बाया दटावायच्या. धुणं आपटायचं नाही, पोरांनी उड्या मारायच्या नाहीत. नदीचं नाव कुणी घेईना, सगळ्या नुसतं 'ती' म्हणायच्या. पुरुष कोरड्यास म्हणून पिठलं खात होते आणि पारावर एकमेकांना मरळीच्या आठवणी सांगत होते. सोनबा तेवढा खूश होता, पण तोही रोडावला.

आणि मग एका पहाटे बिरू धावत सगुणाबाईच्या दाराशी आला. "सगुणाआज्जे, चल, यसोदाच्या पोटात कळा आल्यात."

सगुणाबाई अंथरुणावरच बसून राहिली. "जाळं कुटंय?"

"साळंत."

"वलं का सुकं?"

"सुकं ग, सातीआसरांची आन. चल की."

मगच ती उठली. मुलगी झाली. तिला हातात घेतल्यापासून बिरू असा काही बदलला, की नदीची राखण तोच करायला लागला. एकदा पलीकडच्या काठाला मालोजीरावाची माणसं पाहणी करायला आली, तर हा कंबरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडला, "पोटुशी हाय ती, लांब व्हा." ती माणसं कोण पोटुशी म्हणून इकडंतिकडं बघत निघून गेली.

नारळी पौर्णिमा आली. पुरुषांनी नदीला नारळ वाहिले आणि एकसाथ शाळेकडे धाव घेतली. जाळी काढायला हात वर केले, तर मागून कुशाबाईचा आवाज आला. "कुटं निघाली जत्रा?"

"नारळी पुनव झाली की," सोनबा म्हणाला. "मुदत सपली."

"तुमची सपली. ती आजून सुटली न्हाई."

"अगं, पंचांगात..."

"पंचांग बगून बाळंत व्हती व्हय बाई?" सगुणाबाई म्हणाली.

जाळी जागेवर राहिली. आणि नेमके दुसऱ्या दिवशी साहेब आले. या खेपेला होडी फिरवायची कुणाला शुद्ध नव्हती, त्यामुळं ते लगेच पोचले. त्यांच्या खिशात पाच वर्षांचा हुकूम होता, पण चेहरा गंभीर होता. पारावर बसून त्यांनी सांगितलं, "मालोजीरावानं वर लिहून दिलंय, की डोहात मासाच नाही, आणि सोसायटीला जाळं टाकायचंही ठाऊक नाही. डोह पडीक राहणार असेल तर तो लिलावात काढा. मला वरती काहीतरी दाखवावं लागेल. एक जाळं टाका. वाढलेला मासा मला दिसला की मी सही करतो."

सोनबा उठला, बसला, पुन्हा उठला. मग तो शाळेतून आपलं जाळं खांद्यावर घेऊन डोहाकडे निघाला. काठावर बाया रांगेनं उभ्या होत्या. मधोमध सगुणाबाई.

"एक डाव टाकू दे," सोनबा म्हणाला. "एकच. डोह जातोय आपला."

"आजून न्हाई."

"आगं आज्जे, ह्या डोहापायी तर समदं केलं. आता जाळं टाकलं न्हाई तर मालोजीराव सुरुंग घिऊन यील."

"यिऊ दे. माझ्या लेकीला मी आवगडल्याली आसताना हात लावू दीनार न्हाई. त्याला बी न्हाई आन तुला बी न्हाई."

सोनबा साहेबांकडे वळला. "सायेब, तुमीच सांगा हिला. सरकारचा हुकूम हाय म्हना."

साहेबांना काही कळेना. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सातव्या महिन्यापासून सगळं सांगितलं. सरकारी माणसाला हे सांगताना मला घाम फुटला. त्यांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत, आणि सगुणाबाईपुढं जाऊन म्हणाले, "आजी, सरकारची परवानगी आहे."

"सरकार कंदी बाळंत झालंय?" सगुणाबाईनं विचारलं.

साहेब म्हणाले, "नाही. पण तुम्हाला कसं कळणार ती सुटली ते?"

"बगून कळनार. दुसरं कसं?"

तिनं लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि काठाच्या उथळ पाण्यात, गवताच्या कडेला उतरली. पदराचं टोक दोन्ही हातांनी पसरून पाण्याखाली धरलं, जरा थांबली आणि अलगद वर उचललं. ओल्या पदरात पाणी उरलं होतं तेवढ्यात तांदळाच्या कण्यांएवढी पिल्लं वळवळत होती. किती होती कोण जाणे. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पदरावर वाकले.

"सुटली," सगुणाबाई म्हणाली आणि पदर पुन्हा पाण्यात बुडवला. "आता बाराव्या दिशी बारसं. मंग टाका जाळी, पर डोहाच्या मधोमध, मोठ्या पान्यात. ह्या काठाला सवा म्हईना कुनी पाय ठेवायचा न्हाई. बाळंतिनीची खोली हाय ही."

सोनबा साहेबांच्या पायांशी वाकला. "आजून बारा दिस," तो म्हणाला. "सायेब, कायतरी करा. पाया पडतो."

साहेब मात्र शाळेकडे निघाले. मी मागोमाग. त्यांनी एकेक जाळं खाली ओढून पाहिलं. सगळी खडखडीत कोरडी. कोळिष्टकं लागलेली. बिरूच्या जाळ्यात तर चिमणीनं घरटं केलं होतं. मग बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "मी या तालुक्यात नदीकाठची सगळी गावं फिरलो. प्रत्येक गावानं नियमाला मान डोलावली आणि प्रत्येक ठिकाणी मला ओली जाळी सापडली. चेअरमन जाळं भिजवू द्या म्हणून पाया पडतोय आणि गाव भिजवू देत नाही, हे मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय. मोठा मासा मला बारा दिवसांनी दाखवा. तोवर वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो."

सोनबाच्या पाठीवर कागद ठेवून ते सही करायला लागले आणि मधेच थांबले. "पाच वर्षं हे असंच राहील कशावरून? सोसायटीत बायका सभासद आहेत?"

"न्हाईत," सोनबा वाकलेल्या अवस्थेत म्हणाला.

"मग आधी करून घ्या. सही नंतर."

तिथंच काठावर सभा झाली. पुरुष एकमेकांची तोंडं बघत होते. आधी बिरूचा हात वर गेला, मग हळूहळू बाकीच्यांचे. सोनबाचा हात कुशाबाईनं धरून वर केला. साहेबांनी सही केली. सोनबा सरळ उभा राहिला तेव्हा त्याला कागद कुठं ठेवावा ते सुचेना. शेवटी त्यानं तो कुशाबाईच्या हातात दिला.

बारशाच्या दिवशी वेगळाच पेच. नाव ठेवायला आत्या लागते. नदी वाडीची लेक, तिचं सासर समुद्राकडं, तर आत्या समुद्राकडची हवी. कुशाबाईनं आमच्या दारात येऊन सांगितलं, "आत्या मास्तरीनबाई. दुसरं कोन हाय हितं समुद्राकडचं?"

मी भूगोल शिकवतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "कुशाबाई, इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. रत्नागिरीचा समुद्र पश्चिमेचा. तिचा यांच्याशी काही संबंध नाही."

"समुद्र काय येगळं येगळं असत्यात व्हय? पानी आत्नं एकच. आन नसलं तर चुलत आत्या."

सावित्रीबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझा भूगोल तिथंच संपला. ती काठावर गेली. बायांनी तिच्या पाठीत थोपटलं, तिनं वाकून पाण्याला तोंड लावलं आणि काहीतरी नाव सांगितलं. येताना वाटेत मी विचारलं, "काय नाव ठेवलंस?"

"ते कानात सांगायचं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला कशाला?"

त्या सकाळी डोहाच्या मधोमध पहिलं जाळं बिरूनं टाकलं. साहेब काठावर उभे होते. जाळ्यात हातभर लांबीच्या मरळी आल्या. शेवटची एक बिरूनं हातात धरली, तिचं पोट चाचपलं, जरा थांबला, आणि कुणी काही बोलायच्या आत ती पाण्यात सोडून दिली. "हिची ऱ्हायलीया आजून," तो म्हणाला. वाडीतला सगळ्यात मोठा लबाड. मी नाकाचं उपरणं डोळ्यांना लावलं, आणि माळकरी असल्यामुळं कुणाला कारण सांगता येईना.

दुपारी कुशाबाई आमच्या घरी आली. हातात पळसाच्या पानानं झाकलेलं मातीचं भांडं. तिनं ते उंबऱ्याच्या बाहेरच ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्याचा मान हाय. माघारी न्हेता येत न्हाई." आणि निघून गेली.

सावित्रीबाई दारात उभी राहिली. ती भांड्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं आणि त्या दिवशीही मागत नव्हती.

मी खुंटीवरची छत्री काढली. म्हटलं, "मी जरा तळवड्याला जाऊन येतो. पोस्टात काम आहे."

सोनबा होडीत बसून नवं जाळं विणत होता, जरा मोठ्या भोकांचं. मला घेऊन त्यानं होडी सोडली. डोहाच्या मध्यावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

"मास्तर, आज ऐतवार. पोस्ट बंद आसंल की."

"असेल," मी म्हटलं. "तू होडी गोल फिरव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वळून वाडीकडे पाहिलं. आमच्या घराचं दार लोटलेलं होतं.

"पान्याला लई वढ हाय," सोनबा म्हणाला, आणि त्यानं वल्हं हळू केलं.